एअरबॅग आणि सायलेन्सरचा धूर : गाडीत बसणाऱ्यांना काय माहीत असायला हवे?

मोटारीतील दोन गोष्टींकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. एक स्टीअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये घडी करून ठेवलेली एअरबॅग, दुसरी गाडीखालून मागे जाणारी सायलेन्सरची नळी. दोन्ही गोष्टी माणसाच्या सोयीसाठी आणि सुरक्षेसाठीच बसवलेल्या असतात. पण दोन्हींची एक अट असते. एअरबॅगला माणूस आणि तिच्यामध्ये मोकळे अंतर लागते, तर सायलेन्सरच्या धुराला बाहेरची मोकळी हवा लागते. ही जागा मिळाली नाही की एअरबॅग इजा करू शकते आणि धूर जीव घेऊ शकतो.

एअरबॅग कशी उघडते?

गाडीची धडक बसल्यावर वेग एकदम घटतो. हा बदल सेन्सर टिपतात आणि एक छोटा संगणक ठरवतो की एअरबॅग उघडायची की नाही. उघडायचे ठरले तर इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीतील रसायन पेटवले जाते, त्यातून वायू तयार होतो आणि नायलॉनची पिशवी फुगते. हे सगळे सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात होते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

फुगलेली पिशवी तशीच राहत नाही. तिला मागे भोके असतात. माणूस तिच्यावर आदळला की वायू त्यातून निघून जातो आणि पिशवी दबत जाते, म्हणून डोके आणि छाती सावकाश थांबतात. मात्र हे तेव्हाच घडते, जेव्हा माणूस पिशवी पूर्ण फुगल्यानंतर तिच्यापर्यंत पोहोचतो. पिशवी बाहेर झेपावत असतानाच चेहरा किंवा छाती तिच्या तोंडाशी असेल, तर तिचा तडाखाच बसतो. म्हणून चालकाची छाती आणि स्टीअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त अंतर ठेवावे, असे अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था सांगते. उंची कमी असल्याने सीट पुढे घ्यावी लागत असेल, तर पाठ थोडी मागे कलती करून आणि स्टीअरिंग खाली घेऊन हे अंतर साधता येते. हात घड्याळातील ९ आणि ३ च्या जागी असावेत. हात स्टीअरिंगच्या मधोमध असेल, तर पिशवीबरोबर तो चालकाच्याच तोंडावर आपटतो.

सीट बेल्ट नसेल तर एअरबॅग पुरते का?

नाही. गाड्यांवर ‘एसआरएस’ अशी अक्षरे लिहिलेली असतात. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थच ‘पूरक’ असा आहे. मुख्य काम सीट बेल्टचे, एअरबॅग त्याच्या जोडीला. बेल्ट माणसाला सीटशी धरून ठेवतो आणि पिशवीला फुगायला वेळ व अंतर मिळवून देतो. बेल्ट नसलेला माणूस धडकेपूर्वीच्या ब्रेकमुळेच पुढे सरकतो आणि पिशवी उघडते तेव्हा नेमका तिच्या तोंडाशी असतो.

अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळेच २९० हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी बेल्ट लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता. यातील बहुतेक गाड्या १९९८ पूर्वी बनलेल्या होत्या. नंतरच्या एअरबॅग कमी जोराने उघडतील अशा बनवल्या गेल्या. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्याच देशात १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या एअरबॅगनी ५० हजारांहून अधिक जीव वाचवले, असा सरकारी अंदाज आहे. म्हणजे एअरबॅगची भीती बाळगण्याचे कारण नाही, तिच्यासमोर कसे बसायचे हे समजून घ्यायला हवे.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांना बेल्टची गरज नाही, हा आपल्याकडचा जुना समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही बेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मूल बेल्टशिवाय किंवा बेबी सीटशिवाय बसवले, तरी तेवढाच दंड आहे.

मूल पुढच्या सीटवर का नको?

आपल्याकडे आई पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसते. एअरबॅग असलेल्या गाडीत ही सर्वांत धोक्याची जागा आहे. बाळ आईच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये, म्हणजे पिशवीच्या अगदी जवळ असते. शिवाय धडकेच्या वेळी मूल हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नसते. तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवण्याची बेबी सीट, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नये. पिशवी थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागे बसणेच योग्य.

एअरबॅगच्या वाटेत काय येते?

डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाइलचा स्टँड धडकेच्या वेळी गोळीसारखा उडतो. मूर्ती ठेवायचीच असेल तर झाकणापासून दूर, हलकी आणि छोटी असावी. लांबच्या प्रवासात पाय डॅशबोर्डवर ठेवून झोपणाऱ्यांचे गुडघे पिशवी उघडताच त्यांच्याच चेहऱ्यावर येतात. बाजूच्या एअरबॅग पुष्कळदा सीटच्या कडेत असतात. अशा सीटवर साधे जाड कव्हर चढवले तर त्या अडकू शकतात. त्यासाठी कडेची शिवण उसवेल असे खास कव्हर मिळते.

पुढे लावलेला लोखंडी बंपर गार्डही अडथळाच आहे. धडकेचा जोर कसा वाटला जाईल आणि सेन्सरला तो कधी कळेल, हे गाडी बनवताना ठरवलेले असते. गार्डमुळे ते गणित बिघडते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्या वर्षाच्या अखेरपासून सक्तीची झाली. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला होता, पण पुढच्या वर्षी सरकारने सक्ती करणार नसल्याचे सांगितले. त्यामुळे २०१९ पूर्वीच्या गाडीत एकही एअरबॅग नसू शकते आणि २०२१ पर्यंतच्या गाडीत एकच असू शकते.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटलेलाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. अजिबात पेटला नाही तर जास्त संशय घ्यावा. एअरबॅग एकदाच वापरता येते. अपघातानंतर नवी बसवण्याचा खर्च टाळण्यासाठी नुसते झाकण बसवून दिवा बंद केलेला असू शकतो किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलेला असू शकतो. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संगणकावर तपासणी करून घेणे चांगले.

इन्फ्लेटरचीही चौकशी करावी. जपानच्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले जात होते. वर्षानुवर्षे उष्ण आणि दमट हवेत राहिल्यावर ते बिघडते, जास्त जोराने पेटते आणि धातूची डबी फुटून तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसतात. यामुळे जगभरातील कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही अनेक गाड्यांचे इन्फ्लेटर मोफत बदलून देण्यात आले. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा दमटच. अशा भागात वापरलेली जुनी गाडी असेल, तर तिचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हे काम बाकी आहे का, ते पाहावे.

सायलेन्सरच्या धुरात नेमके काय घातक असते?

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी पूर्ण जळले नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या वायूला धरते. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही.

‘गाडीची पीयूसी आहे, मग काय काळजी?’ असे वाटू शकते. पीयूसीत नळीच्या टोकाशी धूर तपासतात. मधल्या जोडातून किंवा गंजलेल्या भोकातून तो गाडीत शिरतो का, हे त्यात कळत नाही. शिवाय बीएस-४ पेट्रोल मोटारीला इंजिन नुसते चालू असताना ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. म्हणजे दहा लाख भागांत ३,००० भाग. हवेत हे प्रमाण १,२०० भागांवर गेले की जिवाला तत्काळ धोका मानला जातो. रस्त्यावर हा धूर हवेत विरून जातो, बंद शटरच्या आत तो साचतो. इंजिन थंड असताना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरता काम करत नाही, त्यामुळे सकाळी गाडी सुरू करताना हा वायू जास्तच निघतो.

धोका कधी जास्त असतो?

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे सर्वांत घातक. शटर अर्धे उघडल्यानेही पुरेशी हवा खेळत नाही. गाडी आधी बाहेर काढावी, मग इंजिन चालू ठेवावे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचा आवाज कमी असतो, म्हणून उतरण्यापूर्वी इंजिन बंद झाल्याची खात्री करावी.

एसी लावून उभ्या गाडीत झोपणे हा दुसरा धोका. भाड्याच्या गाड्यांचे चालक आणि गणपतीला गावी निघालेली कुटुंबे रात्री असा आडोसा घेतात. एसीतून हा वायू येत नाही, तो चालू इंजिनातून येतो. सायलेन्सरला गळती असेल किंवा गाडी भिंतीला पाठ लावून उभी असेल, तर तो आत शिरतो आणि काचा बंद असल्याने साचत जातो. झोपायचेच असेल तर इंजिन बंद करून, काचा थोड्या उघड्या ठेवून झोपावे.

कपाट किंवा सायकल नेताना डिकी उघडी ठेवून दोरीने बांधतात. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. असे जावेच लागले तर पुढच्या काचा उघड्या ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी.

नळीचे तोंड चिखलात किंवा बर्फात बुजले, तरी धूर आत वळतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवृष्टीत अडकलेले वीसहून अधिक लोक दगावले. बंद गाड्यांत साचलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यामागचे एक कारण मानले गेले. हिमाचल किंवा काश्मीरला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बर्फात अडकल्यास आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, मगच इंजिन सुरू करावे.

विषबाधा कशी ओळखावी, काय करावे?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अंगात त्राण नसणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. घाटात ‘गाडी लागली’ म्हणून ती सहज सोडून दिली जातात. एकाच वेळी दोघा-तिघांना त्रास होऊ लागला आणि खाली उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर धुराचा संशय घ्यावा. सायलेन्सरचा आवाज अचानक वाढला असेल किंवा आत धुराचा वास येत असेल, तर काचा उघडून गाडी थांबवावी आणि दुरुस्तीशिवाय पुढे नेऊ नये.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे उघडून, इंजिन बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर फोन करावा. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन असलेल्यासारखेच दिसते आणि आकडा ९८ दाखवला जातानाही माणूस गंभीर असू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तासा-दीड तासात तेवढा फरक पडतो. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावेच, आणि डॉक्टरांना बंद गाडीतील धुराबद्दल आवर्जून सांगावे.

अपघातानंतर एअरबॅग उघडल्यावर गाडीत पांढरी भुकटी आणि जळका वास पसरतो, त्याने घाबरून जाऊ नये. ते आग लागल्याचे लक्षण असेलच असे नाही. भुकटीने डोळे चुरचुरतात, दम्याच्या रुग्णाला खोकला येऊ शकतो. इंजिन बंद करावे, शक्य असल्यास बाहेर पडावे, चेहरा आणि हात पाण्याने धुवावेत. न उघडलेल्या एअरबॅगसमोर मात्र रेंगाळू नये.