मायना आणि मजकूर

नोकरीच्या अर्जाचा महाराष्ट्रातील इतिहास शोधू गेल्यास तो प्रथम दरबारी पत्रलेखनाच्या इतिहासात सापडतो. कारण इंग्रजी अंमलापूर्वी रिकामी जागा जाहीर करून इच्छुकांकडून अर्ज मागवण्याची रीत येथे रूढ नव्हती, आणि ज्याला चाकरी हवी असे त्याने धन्याला विनंतीपत्र लिहावे किंवा धन्याच्या जवळच्या माणसाकडून शब्द टाकवावा, हेच मार्ग त्याला मोकळे होते. त्या पत्राची घडण ठरलेली असे. कारकुनी लेखनाचे नियम सांगणाऱ्या जुन्या टिपणांना ‘मेस्तक’ म्हणतात आणि त्यांचे कर्तृत्व परंपरेने देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे दिले जाते. कोणाला कसे लिहावे याचे शिक्षण हा कारकुनाच्या विद्येचा गाभाच होता.

पेशवाईतील एखादे मोडी पत्र जवळून पाहिले तर ही घडण स्पष्ट होते. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली ज्याला लिहायचे त्याचा मायना, म्हणजे त्याच्या पदाला शोभेल असे ठरीव संबोधन, आणि मग ‘स्वामींचे सेवेसी’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’ अशी चढती नम्रता येते. पुढे येथील क्षेम कळवून तेथील क्षेम लिहिण्याची प्रार्थना केली जाते. तीत ‘छ’ या अक्षराने हिजरी महिन्याची तिथी दिलेली असते. एवढे झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द येतो, आणि पत्र ज्यासाठी लिहिले तो मजकूर येथून सुरू होऊन ‘हे विज्ञापना’ या शब्दांवर संपतो. बरोबरीच्या माणसाला लिहिताना ‘विज्ञापना’ जाऊन ‘विनंति उपरि’ येते, म्हणजे लिहिणाराची पायरी पहिल्या ओळीतच ठरून जाते. चाकरी मागणाराचे गुण सांगण्यास या साच्यात वेगळी जागा नव्हती. त्याची पारख पत्राने होत नसे, तर तो कोणाच्या घरचा आणि कोणाच्या शब्दावर आलेला, यावरून होत असे.

१८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर कचेऱ्यांचे धनी बदलले, तरी ही रीत लगेच बदलली नाही. मामलेदाराच्या आणि कलेक्टराच्या कचेरीत ‘उमेदवार’ म्हणून तरुण मुले पगाराविना नकला करीत, टाचणे काढीत बसत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत. ती वर्षानुवर्षांची हजेरी हाच त्यांचा अर्ज होता. ऑक्टोबर १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग याने सरकारी जागांसाठी इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचा ठराव केला, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि परीक्षेचा दाखला व साहेबाने दिलेली शिफारशीची चिठ्ठी या दोन कागदांना अर्जासोबत जोडण्याचे महत्त्व आले. मात्र अर्जाची भाषा बदलली, तिचा कणा बदलला नाही. ‘मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली’ने आरंभ, घरातील खाणाऱ्या तोंडांची गणना, आणि साहेबाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करण्याचे वचन, अशी ही नवी विज्ञापना होती. भारतीयांच्या इंग्रजीची थट्टा करणारे आर्नल्ड राइट यांचे ‘बाबू इंग्लिश ॲज टिज रिट’ हे पुस्तक १८९१ मध्ये निघाले. ही थट्टा अन्यायाची होती. आर्जवाची भाषा वापरणारा माणूस स्वभावाने लाचार होता असे मुळीच नव्हे. सत्तेकडे काही मागण्याचा जो एकच नमुना पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, तोच तो परक्या भाषेत प्रामाणिकपणे उतरवीत होता.

हा नमुना मोडण्याचे श्रेय मात्र सुशिक्षित उमेदवारांकडे फारसे जात नाही. ज्यांच्यामागे ना घराणे होते ना वशिला, त्यांना आपले काम पुढे मांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात सरकारी नोकऱ्यांवर एकाच वर्गाचा ताबा असल्याची तक्रार आहे. १८९० नंतरच्या दशकात लढवय्या जातींच्या सिद्धान्ताला धरून लष्करात महारांची भरती बंद झाली, तेव्हा दापोलीचे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीपत्र तयार केले. पुढे १९१० मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ या पत्राचे संपादक शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांचा अर्ज भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे गेला. एका समाजाने नोकरीसाठी केलेला अर्ज म्हणूनच तो वाचावा लागतो. मोठी पदे त्यात मागितलेली नाहीत. सरकारी नोकरीच्या सर्वांत खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि सैन्यातील साधी भरती एवढीच मागणी आहे, आणि तिचा आधार म्हणजे याच समाजाच्या माणसांनी पूर्वी सैन्यात बजावलेली सेवा. नम्रतेचे शब्द या अर्जातही आहेत, परंतु ते शब्द काढून टाकले तरी त्याचे म्हणणे उभे राहते, आणि दयेच्या अर्जात व पात्रतेच्या अर्जात हाच खरा भेद आहे. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. एवढ्या साध्या मागणीला कायमचे रूप येण्यास तीस वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाबद्दल थोडेच सांगण्याजोगे आहे. रोजगार विनिमय केंद्रांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ मध्ये झाला, सरकारी भरतीत छापील रकाने आले, आणि लिपिकाच्या जागेसाठी मिनिटाला तीस मराठी शब्दांचे टंकलेखन ही अट कोणत्याही मायन्याहून वजनदार ठरली. रकान्यांनी वशिला संपवला नाही, पण निदान प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारले. अर्जासोबतचे पत्र जिवंत राहिले ते मुख्यतः खासगी कंपन्यांत, तेही बहुधा इंग्रजीत. तेथे पहिल्याच परिच्छेदात कोणते काम किती वर्षे केले हे लिहावे अशी अपेक्षा असते, म्हणजे ‘विशेष’च्या नंतरचा मजकूर आता पत्राच्या माथ्यावर आला आहे. मराठी शाळांतील अर्जलेखनात मात्र ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हा आरंभ आणि ‘आपला आज्ञाधारक’ हा शेवट अजूनही गिरवून घेतला जातो, आणि मधल्या चार ओळींत विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाबद्दल नेमके काय लिहावे, हे शिकवण्याला फारच थोडा वेळ दिला जातो.