प्रवाळभित्ती : सागरी समृद्धीवर उष्णतेचे सावट

जमिनीवरील जैवविविधतेचा विषय निघाला की वर्षावनांचे नाव प्रथम घेतले जाते. समुद्रात हेच स्थान प्रवाळभित्तींचे आहे. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग त्यांनी व्यापला आहे; मात्र सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाने राहतात. अनेक माशांची पिल्ले याच भित्तींच्या कपारींत वाढतात.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ वनस्पतीसारखे दिसत असले तरी ते प्राणी आहेत. जेलीफिश व समुद्रफूल हे त्यांचे नातलग. पॉलिप नावाचे हे चिमुकले जीव वसाहती करून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमपासून चुनखडीचे कवच तयार करतात. पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेल्या या कवचांतूनच भित्ती उभी राहते. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळांचे मनोहारी रंगही बव्हंशी याच शैवालामुळे असतात.

किनाऱ्याला लागून असलेली, किनाऱ्यापासून दूर असलेली व कंकणाकृती असे प्रवाळभित्तींचे तीन प्रकार चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विशद केले होते. ऑस्ट्रेलियाची सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ ही दुसऱ्या प्रकारची, तर आपली लक्षद्वीप बेटे तिसऱ्या प्रकारची होत.

भारतातील प्रवाळ

लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही भारतातील चार प्रमुख प्रवाळक्षेत्रे. महाराष्ट्रात मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आढळतात. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळांच्या लहान वसाहती आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली व वरळी येथील काही वसाहती २०२० मध्ये अन्यत्र हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना त्यांचे अस्तित्व प्रथमच समजले.

विरंजनाचा धोका

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अवघ्या एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतात. मग ते पांढरेफटक पडतात. यालाच ‘प्रवाळ विरंजन’ म्हणतात. असे प्रवाळ लगेच मरत नाहीत. पाणी वेळीच थंड झाले तर शैवाल परतते. उष्णता टिकून राहिली तर मात्र त्यांची उपासमार होते.

जागतिक पातळीवर असे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले. १९९८ मध्ये लक्षद्वीपमधील प्रवाळांची मोठी हानी झाली. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. दोन आघातांमधील अंतर कमी होत आहे, ही खरी चिंतेची बाब आहे. भित्ती सावरण्यास साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि तेवढी उसंत आता मिळेनाशी झाली आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषल्याने समुद्राची आम्लता वाढते व कवच बांधणे प्रवाळांना अवघड जाते. सांडपाणी, गाळ, बेसुमार मासेमारी आणि नांगरांचे घाव यांची त्यात भर पडते. मन्नारच्या आखातात चुना व बांधकामासाठी अनेक वर्षे प्रवाळ खणले गेले. तेथील २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली आहेत.

उपाय कोणते?

वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती घडवणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून संरक्षण दिले आहे. ते बाळगणे अथवा विकणे गुन्हा आहे. परंतु तापत्या पाण्याला कायद्याने अडवता येत नाही. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती नष्ट होतील आणि दोन अंशांना जवळपास सर्वच, असा अंदाज आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीने २०१८ मध्ये वर्तवला. स्थानिक प्रदूषण व बेशिस्त पर्यटन रोखल्यास प्रवाळांना सावरण्याची संधी मिळू शकते. उत्सर्जन घटवणे हा मात्र मूळ उपाय आहे. लाटांचा मारा झेलून किनारा राखणाऱ्या या भित्ती ढासळल्या, तर त्याची झळ केवळ माशांनाच नव्हे, तर किनाऱ्यावरील माणसांनाही बसेल.