डोंगा, पिंजण आणि वर्धा नदी

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला आणि त्याला नाव मिळाले ते नदीचे. मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम सीमेवरून वाहते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आर्वीजवळ पाण्यात टाकलेले लाकूड नशीब बरे असेल तर आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहोचावे. नकाशावरची ही गोष्ट इंग्रजांनी हिशेबाच्या वहीत उतरवली.

गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांची अशी खात्री होती की, वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीनेच पूर्व किनाऱ्यावर न्यावा. (अभियंत्याचे आडनावच कॉटन, हा योगायोग गमतीचा.) बैलांच्या पाठीवरून माल नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांपेक्षा पाण्याचा रस्ता स्वस्त पडेल, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि हिंगणघाटच्या कापसाला मोल आले. त्याआधीच, डिसेंबर १८६० मध्ये, निजाम अफजलउद्दौला यांच्याशी झालेल्या करारात गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांकडे आला आणि दोन्ही राज्यांच्या सीमेवरील जलमार्ग जकातमुक्त झाला. आपल्याकडे निजामाचा इतिहास बहुधा सिंहासनापासून सुरू होऊन पोलीस कारवाईपाशी संपतो. नावाड्यांच्या जकातीवरचे हे कलम कुणाच्या लक्षात राहत नाही.

या मार्गात तीन ठिकाणी खडकांची रांग नदी अडवत होती : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. तेथे बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधण्याचे काम सुरू झाले. पण त्या जंगलात हिवतापाने मजूर टिकेनात, पैसा आटत गेला आणि १८७१ साली काम सोडून देण्यात आले. मला मात्र खरा अडसर खडकांचा वाटत नाही. नदीला पाणी असते आषाढ-श्रावणात आणि कापूस वेचला जातो कार्तिकापासून पुढे. माल तयार होतो तेव्हा नदी उतरलेली आणि नदी भरते तेव्हा कोठारे रिकामी. हे घाटावरच्या कोणत्याही भोयाला विचारले असते तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. तोवर मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचलीही होती. पुलगावजवळ तिने वर्धा नदी ओलांडली आणि कापसाने मुंबईचा रस्ता धरला.

मोठ्या होड्यांचा इतिहास येथे संपतो. नदी आडवी पार करणाऱ्या डोंग्यांचा मात्र संपत नाही, आणि तो लिहिला गेलेला नाही.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. दादांचे वडील दसऱ्याच्या आसपास पिंजण खांद्यावर टाकून पलीकडे जात आणि दिवाळीनंतर परतत. "पार" म्हणजे वऱ्हाड. तिथल्या गावोगावी जुन्या रजयांचा कापूस पिंजून नवा करून द्यायचा, हे काम. त्या दिवसांत नदीला पाणी भरपूर असे. दोन डोंगे बांबूंनी एकमेकांना बांधून वर फळ्या टाकलेल्या असत, त्यावर माणसे, शेळ्या, कधी बैलगाडीही. पिंजाऱ्याचा जीव मात्र पिंजणाच्या तातीत. ती आतड्याची, भिजली की ढिली पडते आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून पणजोबा ती सोडून, गुंडाळून, पगडीत ठेवत. नावाडी भोई होता. तो त्यांच्याकडून पैसे घेत नसे, पणजोबा त्याच्या घरच्या रजया फुकट पिंजून देत. गावकरी त्याला सुगीला ज्वारी देत. दादी हे सांगताना नेहमी त्या भोयाला "मामू" म्हणत असे.

सरकारी बाजू वेगळी होती. मध्य प्रांताला लागू असलेल्या १८७८ च्या उतार कायद्याप्रमाणे सार्वजनिक घाटाच्या वसुलीचा लिलाव होई, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. ठेका घेणारा शहरातला, वल्हे मारणारा गावातला. ज्वारी आणि रजयांच्या देवघेवीला या कागदात जागा नव्हती.

नदीला दुसरेही एक महत्त्व होते. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर ती भोसल्यांची आणि निजामाची सीमा ठरली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले तरी मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली आणि वऱ्हाडातील मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात निजामाचे नाव घेण्याचा हक्क पुढच्या करारांतही जपला गेला. अलीकडच्या तीरावर ते नाव नव्हते. पणजोबा एका जुम्म्याला इथे, दुसऱ्याला तिथे नमाज पढत. त्यांना त्यात काही वेगळे वाटल्याचे दादीला आठवत नव्हते. तिला आठवत होते ते एवढेच की डोंग्यात पाय ठेवण्याआधी ते म्हणत, "ख्वाजा खिज्र का पानी है, चप्पल उतारो," आणि एक पैसा पाण्यात सोडत. आपल्या काही मंडळींना आज हे बिदअत वाटेल. पण एलूरुचे जाफर शरीफ यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात ख्वाजा खिज्रच्या नावाने पाण्यात दिव्यांच्या छोट्या नावा सोडण्याची दख्खनी मुसलमानांची रीत नोंदलेली आहे. जाफर शरीफांचे एलूरु गोदावरीच्या मुखाकडचेच गाव. ज्या पाण्यावरून कापूस जायचा होता, त्याच पाण्याच्या दोन टोकांना ही श्रद्धा होती.

पूल झाले, डोंगे गेले. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला उर्ध्व वर्धा धरण झाले, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. डोंगा पूर्ण गेला असेही नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे नाव उलटून दशक्रियेसाठी आलेल्या एकाच कुटुंबातील अकरा जण बुडाले. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत वैनगंगा-प्राणहिता १०९ व्या क्रमांकावर आहे. वर्धेचे नावही पैनगंगेच्या जोडीने त्या यादीत आहे.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या भागातील ज्या घरांत घाटाच्या ठेक्याच्या पावत्या, करारनामे किंवा जुन्या पिंजणाचा एखादा तुकडा ट्रंकेत पडून असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्या मामूचे नाव विचारून ठेवावे. आमच्या घरी ते कुणी विचारले नाही आणि दादी २००३ साली गेली.