पहिलटकरणीला रोज एक ॲस्पिरिन: नागपूर-बेळगावच्या संशोधनातून काय निघालं?

गरोदरपणाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलं, तर ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० मध्ये जगात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं श्रीमंत देशांत बहुतेक वाचतात, गरीब देशांत निम्मी दगावतात. ('सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' या समजुतीला मात्र काही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.)

संशोधन कुठे झालं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या 'ग्लोबल नेटवर्क'ने गरीब देशांतल्या माता-बालकांवर संशोधन केलं. या अभ्यासाच्या वेळी भारतात त्याची दोन केंद्रं होती. एक नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन, दुसरं बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज.

२०१६ ते २०१८ या काळात भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला इथल्या ११,९७६ पहिलटकरणी निवडण्यात आल्या. निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. ॲस्पिरिनच का? कमी मात्रेत ती रक्तातल्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे वारेकडे रक्त नीट जाईल अशी अपेक्षा होती.

निकाल जानेवारी २०२० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ११.६ टक्के बाळंतपणं वेळेआधी झाली, न घेणाऱ्यांत १३.१ टक्के. म्हणजे शंभरामागे दीड. ऐकायला कमी वाटतं, पण काही पैशांची गोळी आणि लाखो बाळंतपणं असा हिशोब मांडला की फरक मोठा होतो.

सगळेच उपाय असे लागू पडले का?

नाही. याच नेटवर्कने त्याआधी सहा देशांत, नागपूर आणि बेळगावसह, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन गावपातळीपर्यंत पोहोचवून पाहिलं होतं. श्रीमंत देशांतलं हे खात्रीचं औषध. इथे लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू हजारामागे २३.९ वरून २७.४ वर गेले. नेमके दिवस माहीत नसल्याने पुरे दिवस भरलेल्या अनेकींनाही इंजेक्शन मिळालं होतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेने सोनोग्राफीने दिवस ठरवून, सोयी असलेल्या रुग्णालयांतच हे इंजेक्शन देऊन पाहिलं. २०२० च्या त्या निकालात नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध साधारण तेच. बदलली होती ती दिवसांची मोजणी आणि आजूबाजूची सोय.

परभणीत याचा अर्थ काय?

अभ्यासातल्या बायकांना ॲस्पिरिन १४ व्या आठवड्याच्या आत सुरू झाली होती. म्हणजे तोवर गरोदरपणाची नोंद आणि शक्यतो पहिली सोनोग्राफी व्हायला हवी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांसाठी आहे. तोपर्यंत ही वेळ जवळपास निघून गेलेली असते. त्यामुळे खरा भार आशाताईंवर आणि उपकेंद्रातल्या नर्सताईंवर येतो.

गंगाखेडसारख्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं गणित आणखी अवघड. फडावर असताना दिवस गेले तर नोंद कोणत्या गावात करायची, इथूनच प्रश्न सुरू होतो.

गोळी मेडिकलमधून आणून घ्यायची का?

अजिबात नाही. ॲस्पिरिन सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर, रक्तस्रावाचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर धोका असतो, आणि डोकेदुखीवरची मोठी गोळी म्हणजे ही गोळी नव्हे. बीपीचा धोका जास्त असलेल्या गरोदर मातांना डॉक्टर कमी मात्रेतली ॲस्पिरिन आधीपासून देतात. बाकीच्यांनी पहिल्या तपासणीलाच विचारावं. पाळी चुकली की ती तारीख लिहून ठेवावी आणि सोबत न्यावी.