वाटणीचा कागद

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना मोडी कागद आहे. पणजोबांनी आपल्या तीन मुलांत घर आणि जमीन वाटून दिली, तिचा तो लेख. माजघर कोणाचे, पडवी कोणाची, विहिरीवर कोणी कोणत्या वारी पाणी काढायचे, परसातल्या फणसाची फळे कशी वाटायची, सारे त्यात बारकाईने लिहिले आहे. पणजोबांना एक मुलगीही होती. तिचे नाव मात्र त्यात कुठेच नाही.

लहानपणी मला यात काही वावगे वाटले नाही. पुढे धर्मशास्त्रावरची पुस्तके चाळली, तेव्हा मात्र नवल वाटू लागले.

वाटणी करणारा बाप म्हणजे दाता, अशी आपली समजूत. याज्ञवल्क्य स्मृतीतही बापाने स्वतःच्या इच्छेप्रमाणे वाटणी करावी, हवे तर थोरल्याला सरस वाटा द्यावा, असे म्हटले आहे. परंतु अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली आणि ही मोकळीक बापाच्या स्वकष्टार्जितापुरती आखून टाकली. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. तिथे बाप देणारा नव्हे. ज्याचे त्याला मोजून देणारा! बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने नेमके उलट मानले. बाप जिवंत असेतो मालक तोच. आपल्याकडे चालली ती मिताक्षरा. उत्तर कोकणात आणि गुजरातेत तिच्या जोडीला नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’. हे भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे, काशीस जाऊन स्थायिक झालेले.

आता गंमत पाहा. बाप गेल्यावर भाऊ वाटणी करू लागले, तर अविवाहित बहिणीला चौथाई द्यावी, असे स्मृती सांगते. ही चौथाई म्हणजे नुसता लग्नाचा खर्च, असे म्हणणारे पंडित होतेच. विज्ञानेश्वराने ते मानले नाही. ती मुलगा असती तर जो वाटा मिळता, त्याचा चौथा हिस्सा तिचा, असा त्याने अर्थ लावला. पुढे व्यवहारात टिकली ती मात्र खर्चवाल्यांची बाजू. मुलीचे लग्न लावून दिले, की हिशेब मिटला!

तो मिटलेला हिशेब पुन्हा उघडला १९५६ साली. हिंदू वारसा कायद्याने मृत बापाच्या हिश्शात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस झाली. जन्मसिद्ध हक्क तेवढा मुलाकडेच राहिला. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना तोही दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तशाच कायम राहतात.

आमची वाटणी १९७२ सालची. वडिलांनी आम्हा दोघा भावांत घर सरळ मधोमध वाटले, कागद नोंदवला, आणि एका घरात दोन चुली झाल्या. त्या साली भाऊबीजेला बहीण आली. हातात पिशवी घेऊन ती ओटीवर उभीच राहिली. म्हणाली, “दादा, पिशवी कुठे ठेवू? माझं माहेर कुठल्या बाजूला?” आम्ही सगळे हसलो. ती हसली नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

यंदा मी माझ्या हिश्शाचा कागद करायला घेतला. मुलाच्या बरोबरीने मुलीचे नाव आले. ते कायद्यानेच येते, त्यात माझे कौतुक नाही. बहिणीला कायदा काही देत नाही. तेव्हा ओटीलगतची खोली तिला बक्षीसपत्राने द्यावी असे मनात आले आणि तिला तसे विचारले. ती म्हणाली, “या वयात मी खोली घेऊन काय करू, दादा?” मग थोडी थांबून म्हणाली, “पण कागदावर नाव असू दे.”

तो कागद मी आता त्याच पेटीत, पणजोबांच्या कागदावर ठेवला आहे.