मागिस्तेर, मास्तर आणि मिस्त्री

"मास्तर माणूस आहे हो," असं मराठीत कुणाबद्दल म्हटलं की पुढचं चित्र आपोआप उभं राहतं. झिजलेल्या चपला, काखेत वह्यांचा गठ्ठा, लग्नाच्या पंगतीत कडेची जागा. "मास्तरकी" तर त्याहून वाईट, दुसरं काही न जमलेल्याचं काम. आणि त्याच घरातला मुलगा "मास्टर्स करायला" अमेरिकेला निघाला की गल्लीभर पेढे! शब्द एकच आहे मंडळी. आमच्या नातेवाईकांना हे एकदा सांगायचंच होतं.

मूळ शब्द लॅटिन, मागिस्तेर. त्यातलं 'मागिस' म्हणजे 'अधिक'. जो इतरांपेक्षा अधिक तो मागिस्तेर. हे 'मागिस' आणि आपलं 'महा' एकाच आदिम धातूतून आलेले. म्हणजे महाराष्ट्रातला 'महा' आणि मास्तरातला 'मा' दूरचे भाऊबंद. विश्वास बसत नसेल तर लॅटिन 'माग्नुस' आणि ग्रीक 'मेगास' शेजारी ठेवून बघा, दोघांचा अर्थ 'मोठा'.

रोमन साम्राज्य गेलं, शब्द राहिला, आणि प्रत्येक मुलखात तिथल्या जिभेप्रमाणे झिजला. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये माएस्त्रो, फ्रेंचमध्ये मेत्र, जर्मनमध्ये माइस्टर, पोर्तुगीजमध्ये मेस्त्रे, इंग्रजीत मास्टर. मजा अशी, की यातल्या बहुतेक भाषांत तो शिक्षकालाही लागतो आणि कारागिरालाही. स्पेनमध्ये प्राथमिक शाळेचा गुरुजी माएस्त्रो आणि बांधकामावरचा मुख्य गवंडीही माएस्त्रोच. याचं कारण मध्ययुगात आहे. सुतार, गवंडी, सोनार यांचे संघ असत. उमेदवारी करून हात बसला की संघ त्याला मागिस्तेर म्हणून स्वीकारी आणि मग त्याला स्वतःचे शागीर्द ठेवता येत. पॅरिसच्या शिक्षकांनी असाच संघ केला. अशा संघाला लॅटिनमध्ये 'उनिव्हेर्सितास' म्हणत, त्यातूनच युनिव्हर्सिटी आली. १२१५ साली पॅरिसला नियम झाला, की कला शाखेत शिकवायचं तर वय किमान एकवीस हवं आणि सहा वर्षं अभ्यास झालेला हवा. मागिस्तेर ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. एम.ए. म्हणजे 'मागिस्तेर आर्तियुम', कलांचा मास्तर. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, तिथून न्यायमूर्ती रानडे १८६२ साली बी.ए. आणि १८६४ साली एम.ए. झाले, म्हणजे शब्दशः मास्तर झाले. त्यांना कुणी कडेच्या पंगतीत बसवलं नसावं.

आपल्याकडे हा शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट समुद्राची. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यांच्याबरोबर 'मेस्त्रे' उतरला. त्याचा गोव्यात 'मेस्त' झाला, कोकणात 'मेस्त्री' (आडनावसुद्धा), आणि घाट चढून आमच्याकडे येईपर्यंत 'मिस्त्री'. दुसरी वाट इंग्रजांची. तिने मास्तर आणला, त्याच्यामागे हेडमास्तर, पोस्टमास्तर, टेलरमास्तर, बँडमास्तर अशी वरातच आली. हिंगोलीत १९०३ पर्यंत निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती आणि अंमलदार इंग्रज, तेव्हा क्वार्टरमास्तर तर शाळेच्या मास्तराआधी पोचला असणार. मॅजिस्ट्रेट त्याच कुळातला. 'मिस्टर' हा 'मास्टर'चाच उच्चारात ढिला झालेला भाऊ, आणि 'मिस' ही 'मिस्ट्रेस'ची निम्मी. म्हणजे आमच्या काकू काकांना "आमचे मिस्टर" म्हणतात तेव्हा त्या लॅटिन बोलत असतात. काका कुणापेक्षा अधिक आहेत, हा वेगळा प्रश्न.

मराठवाड्यात मात्र मास्तर उशिरा रुळला. निजामाच्या दरबारी १८८४ पासून उर्दू होती, आणि सरकारी शाळेत शिकवणारा 'मुदर्रिस', हेडमास्तर 'सदर मुदर्रिस'. आजोबा असल्याच शाळेत उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं आणि पुढे ते मराठी शाळेवर लागले. त्यांना शिकवणारे मुदर्रिस होते, ते स्वतः मास्तर झाले. छडी तीच, असं ते म्हणत. गावातले म्हातारे मात्र त्यांना शेवटपर्यंत गुरुजीच म्हणायचे. तेही रास्तच. नामदेवांचं नरसी आमच्या जिल्ह्यात, त्यांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला, त्यामुळे गुरू या शब्दाची ओळख आम्हाला कुणी करून द्यायला नको. गुरू म्हणजे जड, वजनदार. लॅटिन 'ग्राव्हिस' त्याचाच चुलतभाऊ. आणि आता सगळीकडे 'सर'. त्याचं मूळ 'सेनिओर', म्हणजे वयाने मोठा. कुणी अधिक, कुणी जड, कुणी वडील. शिकवणाऱ्याला नाव देताना माणसं तराजू घेऊनच बसलेली दिसतात.

या तराजूचं दुसरं पारडं सांगायचं राहिलं. 'मागिस'च्या उलट 'मिनुस', म्हणजे उणं. मागिस्तेरच्या उलट मिनिस्तेर: जो इतरांहून कमी तो, म्हणजे सेवक, नोकर. त्यातूनच मिनिस्टर. आपण त्याचं भाषांतर 'मंत्री' केलं, ते फार सभ्यपणाचं झालं. शब्दाला धरून करायचं तर 'सेवक' म्हणायला हवं होतं.

पण सेवक हा शब्द आपल्या सरकारने दुसऱ्यासाठी राखून ठेवला होता. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. होऊन निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षक म्हणायचं नाही, सेवक म्हणायचं आणि पगाराऐवजी मानधन. प्राथमिक शाळेत महिना ३००० रुपये. पुढे ते ६००० झालं आणि २०२३ मध्ये १६०००. पैसे वाढले, नाव तेच राहिलं. मागिस्तेरचा मिनिस्तेर करायला रोमला जमलं नाही ते एका शासन निर्णयाने झालं!

माझी चुलतबहीण त्या ३००० च्या काळातली. रोज दोन गाड्या बदलून शाळेत जायची. त्याच वर्षी काकांनी हिंगोलीत घराचं काम काढलं होतं. शनिवारी मिस्त्रीची हजेरी चुकती करायची ते तिच्याकडेच होतं, कारण हिशोब तिचा चोख. एका शनिवारी पैसे मोजून दिल्यावर ती तशीच ओसरीवर बसून राहिली आणि मग म्हणाली, "मिस्त्रीचा पंधरवडा माझ्या महिन्यापेक्षा जास्त झाला." काका म्हणाले, त्याचा हात चांगला आहे. ती म्हणाली, "माझा पण चांगला आहे." त्यावर कुणी बोललं नाही.

मिस्त्री तिला "मास्तरीणबाई" म्हणायचा. त्या घरात तेव्हा तिला त्या नावाने हाक मारणारा तो एकटाच. पुढे ती कायम झाली, आणि आता पोरं तिला "मॅडम" म्हणतात. मॅडममधली 'डोमिना' म्हणजे घराची मालकीण. तिची गोष्ट लांबलचक आहे, पुन्हा कधीतरी.