‘न’ नानखटाईचा

मुशायऱ्यात एक गंमत असते. शायराची पहिली ओळ ऐकली, की जाणकार श्रोते पुढचा काफिया ताडतात आणि त्याच्याआधीच मोठ्यानं म्हणून मोकळे होतात. नियम ठाऊक असतो, म्हणून हे जमतं. मोबाइलच्या अँड्रॉइड प्रणालीच्या नावांवरून असाच खेळ काही वर्षं जगभर रंगला होता.

२००९ मध्ये गूगलने ‘कपकेक’ नावाची आवृत्ती आणली. मागोमाग डोनट, एक्लेअर, फ्रोयो. नियम दोनच: नाव गोड पदार्थाचं आणि आद्याक्षर इंग्रजी वर्णमालेतलं पुढचं. तेवढ्यावर लोक पैजा लावू लागले. ‘के’च्या वेळी ‘की लाइम पाय’ जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये निघालं ‘किटकॅट’!

डिसेंबर २०१५ मध्ये सुंदर पिचाई दिल्लीत विद्यार्थ्यांना भेटले, तेव्हा भारतीय मिठाईचं नाव का नाही, हा प्रश्न आलाच. आईला विचारतो, हवं तर मतदान घेऊ, असं ते म्हणाले. पुढचं अक्षर होतं ‘एन’. मे २०१६ मध्ये गूगलने खरोखरच लोकांकडून नावं मागवली. केरळी मंडळींनी ‘नेय्यप्पम’चा धोशा लावला. माझं मत नानखटाईला होतं. आमच्या गोदाकाठच्या शहागडाकडे ईद जवळ आली, की बायका मैदा, तूप, साखर देऊन बेकरीच्या भट्टीत ती भाजून आणतात. शब्दातला ‘नान’ फारसी. पण दिवाळीच्या फराळातही ती असते आणि तिला परकी कुणी म्हणत नाही. रमजान चालू असतानाच, ३० जूनला, निकाल लागला: ‘नूगट’.

आपल्या भाषांतली नावं कुठेच नाहीत असं नाही. सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्सच्या आवृत्त्या अनंत, तेजस, अनोखा, उन्नती अशा आहेत. नावं गोड, पण त्यांना जोडणारा धागा दिसत नाही. मग पुढचं नाव ताडायचं कशावरून?

ऑगस्ट २०१९ मध्ये गूगलने मिठाई बंद करून नुसता ‘१०’ आकडा दिला. कारण असं, की काही भाषांत ‘एल’ आणि ‘आर’ वेगळे ऐकू येत नाहीत, ‘पाय’ सगळीकडे गोड नसते, मार्शमॅलो कित्येकांनी चाखलेलं नसतं. कारण खरं आहे. पण एका भाषेची नावं सर्वांना कळत नसतील, तर आणखी भाषांकडे जायचं, की शब्दच टाकून द्यायचा? इंजिनिअरांनी आपल्यापुरती मिठाई सोडलेली नाही. सोळाव्या आवृत्तीचं त्यांच्यातलं नाव ‘बकलावा’ आहे. गिऱ्हाइकाला मात्र १६ हा आकडाच मिळाला.